मागच्या चाकाच्या चाळीस तारा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

मायना घालत नाही. चोराला कोणी मायना घालत नाही.

आठ दिवस बहिणीकडे गेले होते. काल परत आले तर मागच्या शेडचं कुलूप जागच्या जागी, आणि आत मोटरसायकल नाही. सांगाडा नाही, इंजिन नाही, दोन्ही चाकं नाहीत, लेबलं लावून ठेवलेले पाच डबेसुद्धा नाहीत. टेबलावर पान्याखाली तुमची चिठ्ठी: 'वहिनी, काळजी करू नका. गाडी मी पूर्ण करतो. जुन्या गाड्यांच्या एप्रिलच्या मेळाव्यात मास्तरच्या नावाने उभी करू.' खाली ती तुमची झोकदार सही.

ह्यांनी तुम्हाला दुसरी किल्ली दिली होती ती रविवारी दोघांनी बसून काम करायला. हे गेल्यानंतर सात महिने ती तुमच्या खिशात राहिली आणि मी मागून घेतली नाही, ही माझी चूक. पण घरात कोणी नाही असं बघून दारात टेम्पो लावायचा, हे मित्राचं काम नाही.

गाडी मला पूर्ण करायची आहे. मला. हे मी कोणाला बोलले नाही, कारण विचारायलाच कोणी आलं नाही. त्या गाडीत माझं किती आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. वायरिंग अर्धं राहिलंय, तेवढं झालं की इंजिन चढवायचं होतं. जशी नेलीत तशी, त्याच डब्यांत, परत आणून ठेवा.

फोन करू नका. फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. लिहा.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र दुकानातच वाचलं. समोर एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला बसले होते, त्यांना म्हटलं थांबा जरा, मला घाम फुटलाय. घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'विचारायला नको का?' बरोबर आहे. विचारायला हवं होतं. चुकलो, कान पकडतो.

पण चोर? वहिनी, नऊ वर्षं मी तुमच्या शेडमध्ये रविवार काढलेत. ते इंजिन आम्हाला भंगारात सापडलं तेव्हा त्यात उंदराचं घर होतं, ते उघडून मी एकेक भाग बसवला. साडेतीनशेचं, एकाच सिलिंडरचं, आम्हा दोघांच्याही आधी जन्मलेलं. त्याचा मूळ गिअरबॉक्स फुटलेला, म्हणून दुसऱ्या थोराड गाडीचा आणून बसवला. टाकी मास्तरने सपाट पत्र्यातून ठोकून काढली. शाळेत पोरांना चित्रकला शिकवून आलेला माणूस रविवारी लोखंडाशी असा झुंजायचा की मला माझ्या चष्म्याच्या काड्यांची लाज वाटायची. आणि त्याच्या तोंडी एकच: मेळाव्यात प्रत्येक गाडीपुढे पाटी असते, गाडी कोणी बांधली त्याची. आपली पाटी लागली की मी सुटलो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा हेच बोलला. मी त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलंय.

तुम्हाला ती गाडी जवळ असावीशी वाटते, हे मी समजू शकतो. पण वहिनी, नुसती ठेवून गंजणार ती. पूर्ण कशी करणार तुम्ही? तुम्हाला त्यातलं काय ठाऊक! मेळावा झाला की सोन्यासारखी गाडी तुमच्या दारात आणून उभी करतो, मग त्यावर फुलदाणी ठेवा हवी तर.

एक गोष्ट सांगायला जड जातंय. मागचं चाक टेबलावर घेऊन मोजलं. रिम सात मिलिमीटर एका बाजूला गेलीय. सात! मास्तरने आजारात बांधलेलं ते शेवटचं चाक, हात थरथरायचा त्याचा, मला माहीत आहे. वाईट वाटलं. कोणाला बोलणार नाही. चाळीसच्या चाळीस तारा सोडल्यात, आता नीट मधोमध बांधून घेतो.

तब्येतीला जपा. शेडमध्ये फार बसू नका.

तुमचा भाऊजी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तारा सोडल्यात? चाळीसच्या चाळीस?

हात ह्यांचा थरथरायचा. माझा नाही थरथरत. ते चाक मी बांधलं. पुढचंही मीच बांधलं, आणि त्याआधी तुम्ही दोघांनी नुसता सांगाडा हौसेने उतारावर सोडून खड्ड्यात घालून वाकडं केलेलं जुनं पुढचं चाक दोनदा सरळ केलं तेही मीच. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. तुमच्या हातात पहिल्यांदा पाना आला त्याच्या कितीतरी आधी मी स्टुलावर बसून तारा ओवत होते. तार वाजवून तिचा ताण ओळखते. आणि हे तुम्हाला ठाऊक नाही असा आव आणू नका. दर सोमवारी हे मला सांगायचे, 'काल चष्मेवाला म्हणाला, असं चाक बांधणारं माणूस राहिलं नाही.' मग आता हे नाटक कशाला? मेळाव्याच्या पाटीवर बाईमाणसाचं नाव नको म्हणून?

आता त्या सात मिलिमीटरचं ऐका. रागाने लिहिते आहे, पण सावकाश वाचा.

तुम्हीच लिहिलंत ना, गिअरबॉक्स दुसऱ्या थोराड गाडीचा आहे? तो रुंद आहे. त्यामुळे चेनचं पुढचं चक्र सात मिलिमीटर डावीकडे बाहेर येतं. मागचं चक्र त्याच्या बरोबर समोर यायला हवं, म्हणून मागच्या चाकाचा मधला हब सात मिलिमीटर डावीकडे सरकवला. उजव्या अंगाला जाड पितळी वायसर आहे ना, तो त्यासाठीच. लेथवाल्याकडे मी तीन खेपा घालून करून आणलाय. आता हब डावीकडे गेला तर रिम गाडीच्या मधोमध कशी राहणार? तारांनी ती तेवढीच उजवीकडे ओढून घ्यावी लागते. टेबलावर मोजाल तर ते चाक चुकलेलं दिसणारच. गाडीला लावून मोजायचं असतं. लोकांना चष्मे लावता आणि स्वतःला एवढं दिसू नये?

तुम्ही चुकलेलं चाक दुरुस्त नाही केलंत. बरोबर असलेलं मोडलंत, आणि वर मेलेल्या माणसाची कीव केलीत.

गाडी आहे तशी टेम्पोत घाला. तारासुद्धा. मी मोजून घेणार आहे.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र लिहू की नको असा चार दिवस विचार केला. बायको म्हणते, नको लिहू. तरी लिहितोय, कारण मूग गिळून बसणं मला जमत नाही.

दुःखात माणूस काहीही बोलतं, ते मी समजून घेतो. मला चोर म्हणालात, गिळलं. पण माझ्या मित्राचं काम तुम्ही तुमच्या नावावर करून घ्यायला निघालात, हे मी गिळणार नाही. तो बिचारा उठून येऊन सांगू शकत नाही म्हणून?

नऊ वर्षं मी त्याच्या तोंडून ऐकलंय, चाक कसं बांधायचं ते. आधी कुठली तार, मग कुठली, कुठे ताण द्यायचा, कुठे सोडायचा, तार कशी वाजते. तासन्तास सांगायचा. न करता कोणी एवढं सांगेल? त्याच्या बोटांवरच्या जखमा मी पाहिल्यात. आठवडाभर शाळा करून, संध्याकाळी एकटा बसून तो तारा ओवायचा, आणि रविवारी मला तयार चाक दाखवायचा. मी त्याची पाठ थोपटलीय, वहिनी, ह्या हाताने. आणि त्या नऊ वर्षांत मी तुम्हाला शेडमध्ये एकदाही पाहिलं नाही. एकदाही! दरवाज्यापर्यंतसुद्धा नाही. आणि आज तुम्ही मला हब आणि वायसर शिकवता?

वडिलांच्या दुकानात सायकली पाहिल्या असतील तुम्ही. मास्तरकडून दोन शब्द कानावर पडले असतील. त्यावर एवढी मजल मारू नये.

वायरिंग उरकलं, इंजिन चढवलं, चाकही बांधून झालंय. मधोमध, केसाचाही फरक नाही. गाडीला लावल्यावर डाव्या अंगाला घासत होतं, पण ते मास्तरने आजारपणात काहीतरी वायसर भलतीकडे घातल्यामुळे. तो काढला, आता सुरळीत फिरतं. रविवारी रस्त्यावर काढून बघणार आहे. पाटी रंगवायला दिलीय. 'बांधणी: मास्तर, आणि त्याचा एक मित्र.' माझं नाव घातलेलं नाही, हे लक्षात घ्या.

ह्यावर आता आणखी भांडण नको.

भाऊजी


१ मार्च

भाऊजी,

भांडण नंतर करू. आधी हे.

रविवारी गाडी रस्त्यावर काढू नका.

पितळी वायसर काढलात, आता मागचं चक्र पुढच्याच्या समोर नाही. चेन तिरकी चालेल. सावकाश जाल तोवर कुरकुरेल, वळणावर जोर दिलात की चक्रावरून उडेल, आणि उडून चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबेल. एक लांब सरळ पट्टी घ्या, तुमच्या दुकानात काचा कापायची असेल, आणि दोन्ही चक्रांना टेकवून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पट्टीवर ठेवा.

बोटांच्या जखमा म्हणता, त्या टाकीच्या पत्र्याच्या. त्यावर पट्ट्या मीच बांधल्यात.

मी शेडमध्ये नव्हते, कारण रविवारी मी तिथे यायचं नाही असं होतं. सोमवार ते शनिवार तिथे मीच असायचे. का ते तुम्हाला चांगलं माहीत आहे, तुमच्याचसाठी होतं ते. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय, पण तुम्ही धड राहिलात तर.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

अक्षर बायकोचं आहे, शब्द माझे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आणि गळ्याजवळचं हाडही मोडलंय. ती मधेमधे स्वतःचं घालणार, तेवढं चालवून घ्या.

(घालणारच. ताई, तुमचं पत्र शनिवारी आलं. मी हातात दिलं, म्हटलं उघडा. ह्यांनी न उघडता शर्टाच्या खिशात घातलं. म्हणाले, आणखी शिव्या असतील, चक्कर मारून आल्यावर वाचतो.)

खरं आहे. पाण्याच्या टाकीच्या वळणावर चेन उडाली. चाक जागच्या जागी थांबलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच, आणि मी पुढे. पत्र खिशातच होतं. दवाखान्यात शर्ट कापून काढला तेव्हा नर्सने ते उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाचलं. मग घरी आल्यावर मुलीला सांगून पट्टी आणवली, गाडी दाराशी आणून टाकली होती, तिच्याकडून दोन्ही चक्रांना टेकवून घेतली. तिला म्हटलं फट मोज. तिने मोजली. सात.

वहिनी, मी तुम्हाला खोटारडी म्हणालो. त्या शब्दांत नाही, पण म्हणालोच. तोंड दाखवायला जागा नाही.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला कळेना. 'तुमच्याचसाठी होतं' म्हणजे काय? वहिनी, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आव आणत नव्हतो. मुलीची शपथ. मास्तरने मला नऊ वर्षांत एकदाही सांगितलं नाही की चाकं तुम्ही बांधता. पहिल्याच रविवारी मी म्हटलं होतं, वहिनींना बोलाव की, बघू दे इंजिन. तर म्हणाला, 'तिला तेलाच्या वासाने डोकं दुखतं. शेडचं नाव काढलं तरी चिडते. तिच्यासमोर गाडीचा विषयच काढू नकोस.' म्हणून मी कधी काढला नाही. तुमच्याकडे आलो की हवापाण्याचं बोलायचो. तुम्हाला विचित्र वाटलं असेल.

(ताई, हे मलाही घरी तसंच सांगत आलेत. मी साक्षीदार आहे.)

वायरिंगही तुम्हीच केलंत का? तेही तो स्वतःचं म्हणून दाखवायचा. प्रत्येक वायरला रंगीत दोऱ्याची गाठ होती, मी म्हटलं मास्तर, काय कल्पना काढलीस. तो हसला.

गाडी उद्या टेम्पोने येईल. पाचही डबे, चाळीस तारा, पितळी वायसर. पाटी रंगाऱ्याकडून परत मागवलीय. तिच्यावर काय लिहायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते लिहायला तयार आहे, पण एक सांगतो. मेळाव्यात त्याला ओळखणारे तीस-चाळीस जण येतील. सगळ्यांनी त्याच्याकडून चाकं कशी बांधायची ते ऐकलंय. खरं लिहिलं तर सगळ्यांना कळेल तो कसा बोलायचा ते. माणूस गेलाय. तुम्ही म्हणाल तर मी गप्प बसेन, शेवटपर्यंत.

(मी म्हणाले, ह्यांनी असं विचारूच नये. पण सांगितलं तसं लिहिलं.)

भाऊजी


१८ मार्च

भाऊजी,

गाडी आली. तारा मोजल्या. चाळीस आहेत, त्यातल्या सहा वाकल्यात, त्या बदलेन. टाकीला पोचा आलाय. फूटरेस्ट मोडलाय. तुम्ही मात्र जिवंत आहात, ह्याचा मला आनंद झाला, हे लिहायला मला पाच दिवस लागले.

पाच दिवस मी रागाने काम केलंय. दुसरं काही सुचलंच नाही. आणि आता त्याला 'हे' म्हणून लिहिणार नाही. अहो-जाहो पुरे झालं.

तेलाच्या वासाने माझं डोकं दुखतं! मला! तेलात माझं लहानपण गेलं. मला तो काय सांगायचा ऐका. 'चष्मेवाला जुन्या वळणाचा आहे. शेडमध्ये बाई आलेली त्याला खपत नाही. माणूस चांगला आहे, मैत्री तुटायला नको, तू रविवारी आतच थांब.' म्हणून मी नऊ वर्षं रविवारी आत थांबले. भिंतीपलीकडे तुम्ही माझ्या चाकाची तारीफ करत होतात आणि तो मान खाली घालून ऐकत असेल, आणि मी इकडे बसून तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तुम्ही माझ्याशी हवापाण्याचं बोलायचात तेव्हा मला वाटायचं, काय शिष्ट माणूस आहे, हातातलं काम बघतो आणि हात कोणाचा ते ओळखत नाही. तुम्हाला वाटायचं, काय तुसडी बाई आहे. दोघांच्या मधे तो निवांत.

आणि सोमवारी येऊन तुमची तारीफ मला सांगायचा. शब्द न् शब्द. तेवढं मात्र प्रामाणिकपणे पोचवायचा. मी त्या एका सोमवारसाठी सहा दिवस तारा ओढायचे, भाऊजी. आता ते सोमवार आठवले की अंगाचा तिळपापड होतो. तारीफ खरी होती, फक्त ती माझी नव्हती. त्याने आधी ती स्वतः खाल्ली आणि मग उरलेली मला वाढली.

का केलं असेल, हे मला कळतं. तुमच्यापुढे त्याला मोठं व्हायचं होतं. एवढ्या मोठ्या जगात एका चष्मेवाल्यापुढे! शाळेत त्याला कोणी विचारत नव्हतं, तुम्ही विचारत होतात. कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो, कारण मागितलं असतं तर मी त्याला दिलं असतं. म्हणाला असता, 'चाकं तुझी, पण रविवारपुरती माझी म्हणू दे,' तर मी हसून हो म्हटलं असतं. त्याने मागितलं नाही. उचललं. तुम्ही टेम्पो आणलात म्हणून मी तुम्हाला चोर म्हणाले. तुम्ही निदान चिठ्ठी ठेवली होतीत.

आता पाटी. तुम्ही गप्प बसू म्हणता. माणूस गेला की सगळे असंच म्हणतात, आणि जो मागे राहतो त्याने आपलं तोंड शिवून घ्यायचं. मी नाही शिवणार. मेळाव्यातल्या चाळीस जणांनी त्याच्याकडून ऐकलंय ना चाक कसं बांधायचं ते? मग त्याने ते कोणाकडून ऐकलं तेही कळू दे त्यांना. रंगाऱ्याला हे द्या, काना-मात्रा न बदलता:

इंजिन: चष्मेवाला.
चाकं आणि वायरिंग: मास्तरची बायको.
टाकी: मास्तर.

टाकी त्याचीच आहे. सहा महिने ठोकत होता, हात फुटले तरी सोडली नाही, आणि उत्तम झालीय. ती त्याच्याकडून मी काढून घेणार नाही. जे केलं तेवढं लिहायचं, सगळ्यांचंच. कोणी विचारलं की मास्तर तर वेगळं सांगायचा, तर सांगायचं, हो, तो खोटं सांगायचा. मी गाडीच्या शेजारी उभी असेन, माझ्याकडे बोट करा.

मागचं चाक काल बांधून झालं. सात मिलिमीटर उजवीकडे. गाडीला लावलं, मधोमध आहे. आता टाकीचा पोचा काढायचाय आणि ते मला येत नाही. ते त्यालाच यायचं.

भाऊजी, लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आमच्या. आमचं कधी मोठं भांडण झालं नाही. लोक म्हणायचे, केवढी समजूतदार आहेत दोघं. आता मला त्याच्याशी भांडायचंय. घसा बसेपर्यंत, शेजारी खिडक्या उघडून बघतील असं, पान्यांची पेटी आपटून. सगळं तयार आहे माझं, पाठ झालंय, आणि समोर कोणी नाही. भिंतीला बोलून पाहिलं. भिंत ऐकून घेते, चिडत नाही.

म्हणून येत्या रविवारी तुम्ही या. बायकोलाही आणा. दार उघडं असेल, शेडचं. हात गळ्यात अडकवलेला असला तरी चालेल, तुम्ही काही उचलायचं नाही. स्टुलावर बसायचं आणि त्याच्या बाजूने बोलायचं. जमेल तेवढं त्याला वाचवा. मला कोणीतरी उलट उत्तर द्यायला हवंय.

वहिनी